'हरित' की 'हिरवागार'?
रंगाचे वर्णन करताना मराठी लेखकापुढे दोन पर्याय असतात: 'हरित', 'धवल', 'आरक्त' ही संस्कृतातून जशीच्या तशी आलेली विशेषणे, किंवा 'हिरवागार', 'पांढराशुभ्र', 'लालभडक' ही बोलण्यात रुळलेली जोडविशेषणे. तत्सम विशेषण लिंगवचनानुसार बदलत नाही आणि गंभीर निबंधाला शोभते. मात्र 'हरित' हा शब्द 'हरित क्रांती', 'हरित ऊर्जा' अशा संज्ञांमध्ये इतका अडकला आहे की त्यातून शेत डोळ्यांपुढे उभे राहत नाही.

जोडविशेषणाचे बळ त्याच्या दुसऱ्या पदात असते. केस 'काळेभोर' म्हटले की कौतुक होते, अंधार 'काळाकुट्ट' म्हटला की भीती दाटते. कपडे 'पांढरेशुभ्र' असतात, तर घाबरलेला चेहरा 'पांढराफटक' पडतो. रंग तोच, पण लिहिणाऱ्याचा भाव त्या शेपटातून कळतो आणि 'अतिशय' जोडण्याची गरज उरत नाही. (तरीही 'अतिशय हिरवेगार' लिहिणारे भेटतातच.) अडचण एवढीच की ही जोड ठरलेली असते, 'पिवळाभोर' कोणी म्हणत नाही; शिवाय प्रत्येक वाक्यात अशी विशेषणे आली की वर्णन बालगीतासारखे वाटू लागते. प्रवासवर्णनात मी जोडविशेषणच निवडेन. मृत्युलेखात मात्र नुसते 'शुभ्र' पुरते.