जावात सर्व्हिस मिळवायची कशी: लोकेटर, फील्ड की कन्स्ट्रक्टर?

समजा पिंपळगाव बसवंतच्या कांदा व्यापाऱ्यासाठी अ‍ॅप करताय, लिलाव झाला की हिशोबपट्टी बनते आणि शेतकऱ्याला एसएमएस जातो. म्हणजे पट्टीसर्व्हिसला (पट्टी बनवणारा क्लास) एसएमएससर्व्हिस (मेसेज पाठवणारा क्लास) लागते, आता ती आणायची कुठून? आतच न्यू करून बनवली तर टेस्ट चालवली की खऱ्या शेतकऱ्याला खरा मेसेज जाणार, त्यामुळे तो विषय संपला.

दुसरा रस्ता लोकेटरचा, म्हणजे स्प्रिंगमध्ये (ऑब्जेक्ट बनवून जोडून देणारं जावाचं फ्रेमवर्क) गेटबीन करून मागून घ्यायची; स्प्रिंग सांभाळतं त्या ऑब्जेक्टला बीन म्हणतात. चालतं, पण क्लासला काय काय लागतं ते बाहेरून कळतच नाही, आणि लेझीपणे मागताय म्हणून बीन नसेल तर अ‍ॅप सुरळीत सुरू होतं आणि ती ओळ चालेल तेव्हा एरर येते, तेही ऐन लिलावाच्या वेळी. प्लगइनसाठी, म्हणजे नंतर जोडायच्या भागांसाठी, मात्र हे बरं पडतं, जावा ६ पासून सर्व्हिसलोडर त्याचसाठी आहे.

फील्डवर, म्हणजे क्लासमधल्या व्हेरिएबलवर, ऑटोवायर्ड (स्प्रिंगला 'इथे सर्व्हिस भर' सांगणारी खूण) टाकायला सगळ्यात सोपं आणि जुन्या कोडमध्ये तेच जास्त दिसतं. मला अजिबात पटत नाही. फील्ड फायनल (एकदा भरलं की न बदलणारं) करता येत नाही, आणि टेस्टमध्ये पट्टीसर्व्हिस साधी न्यू केली की आतली एसएमएससर्व्हिस नल म्हणजे रिकामी, मग नलपॉइंटर एरर.

कन्स्ट्रक्टरमधून, म्हणजे ऑब्जेक्ट बनतानाच, घेतली की हे सगळं मिटतं, टेस्टमध्ये खोटी एसएमएससर्व्हिस हाताने द्या, ती पाठवायच्या ऐवजी मजकूर लिस्टमध्ये ठेवेल आणि रक्कम बरोबर गेली का ते बघता येईल. स्प्रिंग ४.३ पासून एकच कन्स्ट्रक्टर असेल तर ऑटोवायर्ड लिहावंही लागत नाही. लोक म्हणतात कन्स्ट्रक्टर लांबलचक होतो, अहो होऊ द्या की, आठ पॅरामीटर दिसले म्हणजे क्लास फार कामं करतोय हे डोळ्यांना दिसतं, फील्डमध्ये ते लपून राहतं. दोन सर्व्हिस एकमेकींना मागत असतील तर अ‍ॅप सुरू होतानाच अडतं, आणि ते तिथेच अडलेलं बरं.

कंटेनर, म्हणजे सर्व्हिस बनवून जोडून देणारं साधन, कुठला हा नंतरचा प्रश्न. वेब अ‍ॅप असेल तर स्प्रिंग बूट घ्या, नाशकात जावाचा माणूस शोधलात तर त्याला बहुतेक तेच येत असतं. गूगलचं जूस (Guice) हलकं आहे. डॅगर कोड कंपाइल होतानाच बघतं, सर्व्हिस राहिली तर बिल्डच होत नाही, म्हणून अँड्रॉइडवर ते चांगलं. आणि पाच-सात क्लासचं छोटं टूल असेल तर कंटेनर नकोच, मेनमध्ये ओळीने न्यू करून कन्स्ट्रक्टरला द्या, उद्या स्प्रिंग आणलं तरी ते क्लास बदलावे लागणार नाहीत.