कंबरदुखीसाठी नक्की काय सुरू करायचं: चालणं, योगवर्ग, फिजिओचे व्यायाम की जिम?

कंबर दुखतेय त्याला तीन महिने होऊन गेलेत, डॉक्टर म्हणाले ऑपरेशन वगैरे काही नको व्यायाम करा, आणि व्यायाम म्हणजे नेमका कुठला हे मात्र कोणी नीट सांगत नाहीये, एक जण म्हणतो रोज चाला, मैत्रीण म्हणते योगाला चल, भाचा म्हणतो आत्या जिम लाव. तुमचं असंच चाललं असेल तर याच फेऱ्यात मीही दोन वर्षं काढली, म्हणून सविस्तर लिहितेय. मी आता ४८ ची आहे, दुखणं सुरू झालं ४२ व्या वर्षी, बँकेत दिवसभर खुर्ची आणि जाता-येता पुण्याच्या खड्ड्यांतून स्कूटर. चारही प्रकार स्वतः करून बघितलेत, त्यातले काही चुकीच्या क्रमाने. शिवाय माझ्या दादाचीही कंबर दुखते (तो ५९), त्यामुळे एकच व्यायाम दोघांना किती उलट लागू पडतो ते जवळून बघितलंय.

सगळ्यात आधी एक गोष्ट. लघवी-संडासवरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, पाऊल उचलत नाही आणि चप्पल सटकतेय, किंवा कंबरदुखीबरोबर ताप येतोय, वजन विनाकारण उतरतंय, आधी कॅन्सर होऊन गेलाय, तर हे वाचत बसू नका. पहिल्या तीनपैकी काही असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, बाकीच्यात एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. पुढचं सगळं त्यात न बसणाऱ्यांसाठी आहे, आणि बहुतेक जण त्यात बसत नाहीतच.

आता एमआरआयच्या रिपोर्टबद्दल, कारण निर्णय तिथेच अडकतो. माझ्या रिपोर्टवर एल४-एल५ ला डिस्क बल्ज (म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती फुगलीय) असं लिहिलं होतं आणि ते वाचल्यापासून मी खाली पडलेला रुमाल उचलायलाही मुलाला हाक मारायचे. नंतर कळलं की ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा लोकांचे स्कॅन एकत्र करून २०१५ मधे आकडे छापले गेले होते, त्यात पन्नाशीतल्या साधारण ६० टक्के लोकांच्या डिस्क फुगलेल्या निघाल्या, आणि विशीतल्यांच्याही ३० टक्के! म्हणजे केस पांढरे होतात तशा डिस्कही बदलतात. रिपोर्ट खोटा नसतो पण तुमचं दुखणं त्याच्यामुळेच आहे आणि तुम्ही आता वाकायचंच नाही असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. हे कोणीतरी मला पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं, दोन वर्षं बेल्ट, बाम, शेक आणि आराम यात गेली आणि पाठ होती त्याहून अशक्त झाली.

तर निवड करायच्या आधी चार दिवस फक्त एवढं बघा, तुमचं दुखणं कशाने वाढतं. मला वाकून वाढायचं, जास्त बसल्यावर वाढायचं, बेसिनवर वाकून दात घासताना चमक भरायची, आणि उठून चार पावलं चाललं की बरं वाटायचं. दादाचं बरोबर उलटं. त्याला खुर्चीत काहीच त्रास नाही, पण दहा मिनिटं चालला की दोन्ही पोटऱ्या भरून येतात, मुंग्या येतात, मग तो कुठल्यातरी कट्ट्यावर बसतो नाहीतर पुढे वाकून गुडघ्यांवर हात ठेवतो की दोन मिनिटांत मोकळा. त्याच्या कण्यातली नसांची जागा वयाने अरुंद झालीय, पुढे वाकलं की ती जरा उघडते आणि ताठ उभं राहिलं की आवळली जाते. मॉलमधे ट्रॉलीवर रेलून तो तासभर फिरू शकतो, नुसता चालत नाही. आता सांगा, आम्हा दोघांना एकच यादी देऊन कसं चालेल?

चालणं

फुकट, कपडे बदलायला नकोत, आणि माझ्यासारख्या वाकून दुखणाऱ्यांसाठी सुरुवात हीच. ऑस्ट्रेलियात झालेला एक अभ्यास २०२४ मधे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, ७०१ लोक, सरासरी वय ५४, सगळे नुकतेच कंबरदुखीतून उठलेले. ज्यांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्यापर्यंत नेलं आणि सोबत फिजिओने समजावून सांगितलं त्यांची पाठ पुन्हा धरायला साधारण २०८ दिवस लागले, ज्यांना काहीच दिलं नाही त्यांची ११२ दिवसांत धरली. हे दुखणं परतून येण्याबद्दल आहे, मुरलेलं दुखणं चालण्याने जातं असा त्याचा अर्थ नाही, तेवढं लक्षात ठेवा.

यात चूक काय होते तर पहिल्याच दिवशी टेकडी. मी तेच केलं, पाऊण तास चढले आणि पुढचे तीन दिवस पलंगावर. नंतर १० मिनिटं सकाळी, १० मिनिटं संध्याकाळी, सोसायटीतल्या सपाट रस्त्यावर, आणि दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवली. हात मोकळे सोडून जरा झपझप चाला, मोबाईल बघत रेंगाळत चाललं की कंबर उलट अवघडते. पावसाळ्यात मात्र खाडा होतो, त्याची सोय आधीच करून ठेवा. आणि दादासारख्यांनी चालण्याच्या मागे न लागता स्टँडवरची सायकल घ्यावी, तिच्यावर पुढे झुकलेलं असतं म्हणून त्यांना जमते. दादा आता २५ मिनिटं मारतो.

योगवर्ग

इथे मला कळकळीने सांगायचंय, कारण आपल्याकडे पाठ दुखली की पहिला सल्ला हाच आणि सगळ्यात जास्त गडबडही इथेच. योग चांगलाच आहे. बॉस्टनमधे ३२० लोकांवर १२ आठवडे तुलना झाली होती, २०१७ ला आली, त्यात खास कंबरदुखीसाठी बेतलेला योगवर्ग फिजिओथेरपीपेक्षा कमी पडला नाही. पण तो बेतलेला वर्ग होता! मी ज्या वर्गात गेले तिथे सकाळी सहाला तीस-पस्तीस जण, कोणाला काय त्रास आहे याची विचारपूस नाही, आणि तिसऱ्याच दिवशी पश्चिमोत्तानासन (पाय लांब करून बसून पुढे वाकायचं), वर मागून पाठीवर हात ठेवून दाबलं. डाव्या पायात घोट्यापर्यंत कळ गेली, ती ओसरायला दीड महिना लागला.

यामागचं कारण साधं आहे. डिस्क रात्रभर पाणी शोषून टम्म होते, सकाळी उठल्यावर आपली उंचीसुद्धा एखाद्या सेंटीमीटरने जास्त भरते. अशा वेळी पुढे वाकलं की तिच्यावर ताण सगळ्यात जास्त येतो. त्यामुळे वाकून दुखणाऱ्यांनी उठल्यापासून पहिला तासभर पुढे वाकायची आसनं, बारा सूर्यनमस्कार, वाकून केर काढणं हे टाळायचं, एवढ्या एका बदलाने मला जो फरक पडला तो कुठल्या गोळीने पडला नव्हता.

योगच करायचा असेल तर छोटा वर्ग बघा, जिथे पट्टे, ठोकळे, खुर्ची, भिंतीवरचे दोर वापरतात. पुण्यात अय्यंगार गुरुजींनी १९७५ मधे संस्था काढली, त्या पद्धतीचे शिक्षक आता बऱ्याच गावांत आहेत आणि आसन माणसाप्रमाणे बदलायचं हाच त्यांचा भर असतो. पहिल्या भेटीत विचारा, मला वाकून दुखतं तर माझ्यासाठी काय बदलाल? उत्तरात नुसतं ‘हळूहळू जमेल’ आलं तर दुसरा वर्ग शोधा.

फिजिओचे व्यायाम

फिजिओ म्हणजे झोपवून मशीन लावतात अशीच बऱ्याच जणांची कल्पना असते, माझीही होती. दहा सिटिंग, शेक, करंट, ट्रॅक्शन (कंबर ताणून धरणं), तेवढ्यापुरतं बरं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मधे मुरलेल्या कंबरदुखीबद्दल मार्गदर्शन काढलं त्यात व्यायाम करा म्हटलंय, आणि बेल्ट, ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंडचं मशीन हे नेहमीच्या उपचारात वापरू नका म्हटलंय. त्यामुळे पैसे द्यायचे तर तपासून व्यायाम शिकवणाऱ्याला द्या. माझी दुसरी फिजिओ अशी भेटली. तिने पाऊण तास मला वाकवून, उठवून, पोटावर झोपवून बघितलं, एकही मशीन लावलं नाही.

तिने आधी पोटावर झोपून हातांच्या जोरावर छाती वर उचलायला लावली, कंबर सैल सोडून, दिसायला भुजंगासनासारखं पण पाठीचे स्नायू न वापरता. न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेंझी नावाच्या फिजिओला १९५६ मधे हे अपघातानेच सापडलं, एक पेशंट डोक्याकडची बाजू उचललेल्या टेबलावर चुकून पालथा झोपला आणि पायातली कळ गेली. यात खूण अशी की कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून कंबरेत अशी वर सरकली तर चांगलं, मग कंबर जरा जास्त दुखली तरी चालेल. कळ खाली पायात उतरायला लागली तर थांबायचं. दादाला हाच व्यायाम अजिबात नको, त्याला त्याच फिजिओने पाठीवर झोपून गुडघे छातीशी घ्यायला सांगितले.

मग आले ते तीन, कॅनडातले कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी सुचवलेले: कर्ल-अप, साइड प्लँक आणि बर्ड डॉग. कर्ल-अपमधे पाठीवर झोपून एक गुडघा वाकवून, हात कंबरेखाली ठेवून फक्त डोकं आणि खांदे किंचित उचलायचे, झोपून पूर्ण उठून बसायच्या सिट-अपशी त्याचा संबंध नाही. साइड प्लँक म्हणजे कुशीवर होऊन कोपराच्या आधाराने अंग सरळ उचलून धरायचं, तो मी सहा महिने गुडघे टेकवूनच केला. बर्ड डॉग म्हणजे घोडा-घोडा खेळताना होतो तसं व्हायचं आणि उजवा हात, डावा पाय लांब करायचा. तिने माझ्या कंबरेवर आडवं लाटणं ठेवलं आणि म्हणाली, हे पडू द्यायचं नाही. पहिल्या दिवशी पाय उचलायच्या आधीच घरंगळलं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी कंबर हलवल्याशिवाय पाय हलवूच शकत नाही, आणि दिवसभर मी हेच करत होते. आठ-दहा सेकंदच धरायचं, मग सोडायचं, आधी पाच वेळा, मग तीन, मग एक. सगळं मिळून १२-१५ मिनिटं, सतरंजीवर. लाटणं तीन आठवड्यांनी टिकायला लागलं.

जिम

जिमला पाठ दुखत असताना जायचं नाही असं मला चार जणांनी सांगितलं होतं, म्हणून मी हे सगळ्यात शेवटी केलं आणि आता वाटतं वर्षभर आधी करायला हवं होतं. कारण बघा, घरचा भरलेला सिलिंडर म्हणजे १४.२ किलो गॅस आणि वर टाकीचं वजन, साधारण तीस किलो. तो सरकवायचा आहेच, पाण्याची बादली उचलायची आहेच, नातवंडं येतील तेव्हा त्यांनाही घ्यायचंय. पाठीला याचा सराव कुठे मिळणार? नुसतं जपून ठेवली तर ती तेवढंच पेलते जेवढं तुम्ही तिला देता. शिवाय बायकांचं पाळी थांबायच्या आसपास हाडांचं वजन झपाट्याने घटतं, आणि ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात पाळी थांबलेल्या, हाडं विरळ झालेल्या बायकांना आठवड्यातून दोनदा अर्धा तास, ८ महिने देखरेखीखाली जड वजनं उचलायला दिली तर कण्याची हाडं उलट घट्ट झाली. ज्यांची हाडं विरळ आहेत त्यांनी पोटासाठी वाकून क्रंचेस मात्र करू नयेत, मणका दबू शकतो.

शिकायची गोष्ट एकच, कंबरेतून न वाकता खुब्यातून वाकायचं. मॉपची काठी पाठीवर उभी धरा, डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्हीला टेकलेली, आणि काठी न सुटता बूड मागे ढकलत वाका. हे जमल्यावर मी ८ किलोची केटलबेल (वर कडी असलेलं गोल वजन) उचलली, ती सुद्धा खोक्यावर ठेवून, जमिनीवरून नाही. दोन वर्षांत ४० किलोचा डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून वजन उचलून ताठ उभं राहणं, झालाय. पण ट्रेनर बघून घ्या. पहिल्या दिवशी एमआरआय विचारेल, काठी देईल, ओझं कमी ठेवेल तो चांगला. पहिल्याच आठवड्यात ‘मॅडम अजून दोन मारा’ करून घाम काढणारा नको. खर्च आहेच, दोन महिने पर्सनल ट्रेनर घेऊन नंतर एकट्याने करा असं मी सांगेन.

पोहणं मी थोडंच केलं. कंबरभर पाण्यात उभं राहिलं तरी शरीराचं जवळजवळ निम्मं ओझं उतरतं, म्हणून वजन जास्त असलेल्यांना किंवा गुडघेही दुखणाऱ्यांना सुरुवातीला उत्तम, पाण्यात नुसतं चाललं तरी चालेल. पण तलाव जवळ हवा आणि बारा महिने चालू हवा.

मग घ्यायचं काय? वाकून-बसून दुखत असेल तर उद्यापासून चालणं, आठवड्याभरात एका चांगल्या फिजिओची दोन-तीन सेशन, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात वजनं. उभं राहून-चालून दुखत असेल तर सायकल, फिजिओकडून पुढे वाकायचे व्यायाम, आणि पायांची ताकद. दोन्हीत बसत नसाल, भीती आणि ताण जास्त असेल, झोप लागत नसेल तर मी छोटा योगवर्ग पहिला धरेन, श्वास आणि शिथिलीकरणाचा तिथे खरा उपयोग होतो. पैसे अजिबात नसतील तर चालणं आणि ते तीन व्यायाम, एवढ्यावरही खूप लांब जाता येतं. बारा आठवडे द्या, दोन आठवड्यांत बदलू नका. व्यायामानंतर दुखणं थोडं वाढून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्वीइतकं झालं तर चालू ठेवा, दोन दिवस राहिलं तर पुढच्या वेळी निम्मं करा, पण बंद करू नका.

आणि वहीत किती दुखलं ते रोज लिहू नका, मी लिहायचे आणि दिवसभर तेच शोधत बसायचे. काय करता आलं ते लिहा. माझ्या वहीतली पहिली ओळ आहे ‘ओट्याशी सलग १५ मिनिटं उभी’. गेल्या महिन्याची आहे ‘सिंहगड, खालून वर, आणि संध्याकाळी दादाकडे जेवायला’.