राजारामपुरीतील अर्थशास्त्राचा सायंकाळचा वर्ग : एक अभिप्राय

देशाची अर्थव्यवस्था म्हणजे सरकारी तिजोरी किंवा फार तर शेअर बाजाराचा निर्देशांक, एवढ्याच समजावर बातम्या वाचणाऱ्या प्रौढांसाठी कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका खासगी अभ्यासिकेने सुरू केलेला हा वर्ग, काही उणिवा धरूनही, भरलेल्या शुल्काचे चीज करतो.

सर्वांत सरस भाग सकल देशांतर्गत उत्पादनाचा, म्हणजे देशात ठरावीक काळात तयार झालेल्या वस्तू आणि सेवांच्या एकूण मूल्याचा (जीडीपी) आहे. हुपरीत घडलेल्या चांदीच्या दागिन्याची सगळी किंमत या उत्पादनात मिळवली जात नाही. परदेशातून आलेल्या चांदीची किंमत वजा करून कारागीर आणि व्यापारी यांच्या कामामुळे पडलेली भरच धरली जाते, हे शिक्षकांनी फळ्यावर आकडेमोड करून दाखवले. त्याहून रंगली ती दुधाची चर्चा. दूध संघाला घातलेले दूध हिशेबात येते, हे कोणालाही पटते. परंतु घरच्यासाठी ठेवलेल्या दुधालाही अंदाजे किंमत लावून ते उत्पादनात धरतात, मात्र त्याच दुधाचा चहा आणि दोन वेळचा स्वयंपाक करणाऱ्या घरच्या बाईचे श्रम त्यात कोठेच येत नाहीत, हे ऐकून वर्गात बराच वेळ वाद झाला आणि शिक्षकांनी तो होऊ दिला. राष्ट्रीय उत्पन्नावरून राष्ट्राचे कल्याण ठरवू नये, असा इशारा ही मोजणी रुजवणाऱ्या सायमन कुझनेट्स यांनीच 1934 मध्ये दिला होता, हा संदर्भही तेथे नेमका बसला.

इतिहास मात्र घाईत उरकला. दादाभाई नौरोजींनी 1867-68 साठी ब्रिटिश हिंदुस्थानातील दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे 20 रुपये काढले, एवढे सांगून विषय संपला. तो अंदाज कसा बांधला, हे विचारायला वाव मिळाला नाही.

खरी उणीव असंघटित क्षेत्राबाबत, म्हणजे नोंदणीकृत कंपन्यांबाहेरच्या छोट्या उद्योग-व्यवसायांबाबत जाणवली. देशांतर्गत उत्पादनाच्या तिमाही अंदाजात लहान उद्योगांची वाढ बरीचशी मोठ्या कंपन्यांच्या आकड्यांवरून ताडली जात आली आहे. उद्यमनगरातील छोट्या वर्कशॉपवाल्यांना याच मुद्द्यात सर्वाधिक रस असणार, तरी त्याला जेमतेम काही मिनिटे मिळाली. शिवाय शिकवणे उत्तम मराठीत आणि टिपणे मात्र इंग्रजीत, ही विसंगती व्यवस्थापनाने दूर करावी. स्पर्धा परीक्षार्थींना हा वर्ग अपुरा वाटेल; व्यापारी, निवृत्त कर्मचारी आणि गृहिणी यांनी जरूर नाव नोंदवावे.