आमच्या बंद फ्लॅटवर दोन मुलांचे शाळाप्रवेश

पुण्यात कर्वेनगरला आमचा एक वन बीएचके आहे. सासूबाईंच्या नावावर होता, त्या गेल्यावर माझ्या नावावर झाला. २०२५ च्या पहिल्या सहामाहीत त्या घरात एक रात्रही कुणी झोपलेलं नाही. तरी कागदोपत्री तिथे दोन वेगवेगळ्या कुटुंबांतली दोन मुलं राहत होती, आणि दोघांनाही त्याच पत्त्यावर जवळच्या एका इंग्रजी शाळेत आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव मोफत जागेवर, पहिलीचा प्रवेश मिळाला होता. एक भाडेकरार मला माहीत होता. दुसरा नव्हता, आणि त्यावरही माझी सही होती.

ज्यांचा फ्लॅट एखाद्या नावाजलेल्या शाळेच्या आसपास आहे, त्यांनी हे वाचावं. ज्यांचं मूल पहिलीला जायचंय त्यांनी तर वाचावंच.

डिसेंबर संपता संपता एक एजंट आला. ओळखीतून आलेला, बोलायला गोड. "काकू, फॅमिली आहे, सरकारी नोकरी, एकच मुलगा. फक्त करार संक्रांतीच्या आत करून टाकू." भाडेकरूंना मुहूर्ताची एवढी घाई का, असं वाटलं खरं, पण लोक धनुर्मासात घर बदलत नाहीत, असं काहीतरी त्याने सांगितलं. मग तर संक्रांतीनंतर करायला हवा! पण तो मला बोलूच देत नव्हता.

नवरा-बायको गाडीतून घर बघायला आले. दारातून आत डोकावले, छान आहे म्हणाले, झालं. पाणी किती वाजता येतं हे न विचारणारा भाडेकरू पुण्यात मी पहिल्यांदाच पाहिला. बाईंनी स्वयंपाकघरात पाऊलही टाकलं नाही. त्यांनी मागितलं ते एवढंच: लाइट बिलाची झेरॉक्स आणि घराचं गूगल मॅपवरचं लोकेशन.

करार रीतसर झाला. अकरा महिने, सोळा हजार भाडं, पन्नास हजार डिपॉझिट. एजंटचा मुलगा थमचं मशीन आणि लॅपटॉप घेऊन आमच्याच घरी आला, अंगठे झाले, फोटो झाले. माझं आधार, पॅन, लाइट बिल, फ्लॅटचा इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), सगळं त्याने मोबाइलवर घेतलं. दलाली एका महिन्याची. भाडेकरूंची माहिती मी पोलिसांच्या संकेतस्थळावर त्याच आठवड्यात भरली. ही एक गोष्ट पुढे किती कामाला आली ते सांगतेच.

जानेवारी-फेब्रुवारीचं भाडं वेळेवर आलं. माणसं मात्र आली नाहीत. "वडील आजारी आहेत, पुढच्या आठवड्यात शिफ्ट होतो," असं दर वेळी. मार्चमध्ये मेसेज आला की बदली झाली, घर सोडतो आहोत, डिपॉझिट परत करा. घर सोडायला आधी घरात यावं लागतं, असं मी लिहिलं. त्याला उत्तर नाही.

तोवर मला वाटत होतं की लहरी गिऱ्हाईक मिळालं. प्रकार कळला तो सोसायटीच्या सेक्रेटरींच्या फोनमुळे. "वहिनी, तुमच्या फ्लॅटमध्ये अमुक नावाची मुलगी राहते का? पडताळणीला माणसं आलीत." कुणीतरी तक्रार केली होती की या पत्त्यावर मूल राहत नाही. ते नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. माझ्या भाडेकरूला तर मुलगा होता.

मी गेले. त्यांनी मोबाइलवर भाडेकरार दाखवला. घरमालक म्हणून मी, भाडेकरू म्हणून कुणी अनोळखी बाई. फोटो माझाच, पहिल्या कराराच्या वेळी काढलेला. मागे आमच्या हॉलमधल्या कॅलेंडरची कड दिसत होती, साडी तीच. सही तीच. दस्त क्रमांकही छापलेला. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर दस्त शोधायची सोय आहे, तिथे रात्री बसून पाहिलं. माझ्या फ्लॅटचा त्या वर्षीचा एकच करार सापडला, पहिला. दुसऱ्यावरचा क्रमांक कुठल्यातरी दुकानाच्या गाळ्याचा निघाला.

आता हे सगळं कशासाठी, ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवाव्या लागतात, आणि आठवीपर्यंत फी नाही. महाराष्ट्रात हे प्रवेश ऑनलाइन सोडतीने होतात. त्या वर्षीच्या नियमांप्रमाणे अर्ज भरताना नकाशावर आपल्या घराची जागा दाखवायची, आणि शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या मुलांचा विचार आधी, मग एक ते तीन किलोमीटरवाल्यांचा. २०२५-२६ साठी राज्यात साधारण १ लाख ९ हजार जागा होत्या आणि अर्ज तीन लाखांवर. मागणी सगळी ठराविक शाळांकडे. त्यामुळे त्या शाळांभोवतीच्या एक किलोमीटरमधला पत्ता हाच विकायचा माल झाला. भाड्याने राहणाऱ्यांकडे बाकी पुरावा नसेल तर नोंदणीकृत भाडेकरार लागायचा, तोही अर्ज भरण्याच्या तारखेच्या आधीचा आणि किमान अकरा महिन्यांचा. त्या वर्षी अर्ज १४ जानेवारीला सुरू झाले. संक्रांतीचा मुहूर्त तो हा!

मध्ये एक वर्ष हा बाजार थंडावला असणार. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम बदलून, ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे तिला या २५ टक्क्यांतून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्द केला. चांगला निकाल, माझी काही तक्रार नाही. पण जागा परत आल्या तसे एजंटही आले.

गाडीतून आलेल्यांनी गरिबांची जागा घेतली, असं आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे बोलतात. ते तितकं सरळ नाही. एक लाखाची उत्पन्नाची अट दुर्बल घटकाला आहे. वंचित घटकात, म्हणजे अनुसूचित जाती-जमाती, भटके विमुक्त, ओबीसी वगैरेंना ती नाही. त्यामुळे गाडी असणं हा गुन्हा नव्हे. खोटं होतं ते राहणं.

पोलीस चौकीत मात्र आरोपी मीच असल्यासारखी सुरुवात झाली. "मॅडम, एका घराचे दोन करार. किती घेतलेत?" मी पोलिसांच्याच संकेतस्थळावर भरलेल्या माहितीची पावती पुढे ठेवली. त्यात एकच कुटुंब. मग दस्ताच्या शोधाची प्रिंट. मग महावितरणची बिलं: जानेवारीपासून वापर शून्य किंवा एक-दोन युनिट. तेव्हा कुठे बसायला खुर्ची मिळाली. हे कागद नसते तर माझं काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही टाळते. बनावट दस्त तयार करणं आणि तो खरा म्हणून वापरणं, दोन्ही भारतीय न्याय संहितेत गुन्हे आहेत. नागपुरात २०२४ मध्ये खोट्या कागदपत्रांवर आरटीई प्रवेश घेतल्याबद्दल पालकांवर गुन्हे दाखलही झाले. पालकांवर, हे लक्षात घ्या. अर्ज पालकाच्या नावाने असतो, हमीपत्र पालकाचं असतं. एजंटचं नाव कुठल्याच कागदावर नसतं.

त्या अनोळखी मुलीची आई नंतर मला शोधत घरी आली. वारज्याला राहतात, नवरा टेम्पो चालवतो. "मावशी, तक्रार मागे घ्या, पोरीचं वर्ष जाईल." तिने पंचवीस हजार मोजले होते. एजंटने सांगितलं होतं की एक किलोमीटरच्या बाहेरच्यांचा अर्जच घेत नाहीत. म्हणजे तिलाही फसवलं. तिचं खरं घर त्या शाळेपासून तीन किलोमीटरच्या आत होतं. खऱ्या पत्त्यावर अर्ज चालला असता, फक्त रांगेत मागे राहिली असती. आणि तिच्या घराच्या अगदी जवळही यादीत शाळा होत्या. अर्ज भरायला एक पैसा लागत नाही, दहापर्यंत शाळा निवडता येत होत्या, हे तिला माझ्याकडून कळलं.

तिच्या बोलण्यातून त्या माणसाचा हिशेबही कळला. पैसे "नंबर लागण्याचे" घ्यायचे. सोडत संगणकावर निघते, त्यात त्याचा हात पोचत नाही. पण पुष्कळ लोकांकडून पैसे घेतले की काहींचा नंबर आपोआप लागतोच. त्यांचे पैसे ठेवायचे, बाकीच्यांना "वरचा खर्च" कापून परत करायचे. परत मिळालेले लोक त्याला प्रामाणिक म्हणतात! एकाच फ्लॅटचे कागद किती जणांना विकले ते त्यालाच ठाऊक. माझ्या पत्त्यावर अर्ज करून नंबर न लागलेले आणखी किती असतील, हे मला कोण सांगणार?

तक्रार मी मागे घेतली नाही. तिच्यासाठी वाईट वाटलं आणि अजून वाटतं. जवाब देताना तिने एजंटचे मेसेज आणि पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट दिले, ते मीच तिला द्यायला लावले. तिच्या बाजूने उपयोगी पडेल असं तेवढंच तिच्याकडे होतं.

मला सगळ्यात जास्त राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. त्या फ्लॅटच्या बिल्डिंगखाली एक जोडपं इस्त्री करतं. मागच्या वस्तीत, शाळेपासून चालत पाच मिनिटांवर त्यांची भाड्याची खोली. त्यांच्या मुलीचाही नंबर त्याच सोडतीत लागला होता, आणि पडताळणीत गेला. रेशन कार्ड बीड जिल्ह्यातल्या गावचं, आधारही गावचं, आणि खोलीचा मालक नोंदणीकृत करार करून द्यायला तयार नाही. खरं तर महाराष्ट्रात असा करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी कायद्याने घरमालकावरच आहे. पण वस्तीतल्या मालकाला हे ऐकवणार कोण? खोली खाली कर म्हणाला तर? नंतर करार करूनही चाललं नसतं, तारीख अर्जाच्या आधीची हवी. म्हणजे जी रोज शाळेच्या भिंतीजवळ खेळते तिच्याकडे कागद नव्हता, आणि जी तिथे कधी आलीच नाही तिच्याकडे माझ्या फोटोसकट होता. तपासला गेला तो कागद. कुणी तक्रार करेपर्यंत घरी जाऊन बघायला कोणी आलं नाही.

घरमालकांनो, आधारची झेरॉक्स देताना तिच्यावर आडवं लिहा: कुणाला दिली, कशासाठी, तारीख. मास्क केलेलं (पहिले आठ आकडे झाकलेलं) आधार चालतं तिथे तेच द्या. डिसेंबर-जानेवारीत घाईने करार मागणारा आणि ताबा घ्यायला टाळाटाळ करणारा भाडेकरू दिसला तर करारापूर्वी थेट विचारा, मूल पहिलीला जाणार आहे का? भाडेकरू मुदतीआधी गेला तर करार रद्द केल्याचा कागदही नोंदवून घ्या. मेसेजवर "सोडलं" म्हटल्याने तो पत्ता सुटत नाही. आणि ज्या पालकांचा हक्क आहे पण करार नाही, त्यांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच मालकामागे लागावं. नोंदणी फी शहरात हजार रुपये आहे, वर स्टॅम्प ड्युटी आणि किरकोळ खर्च. ते आपण भरतो म्हटलं तर काही मालक ऐकतात.

प्रकरणाचं आत्तापर्यंत असं झालं आहे: बनावट करारावरचा प्रवेश रद्द झाला. पण तोवर प्रतीक्षा यादीच्या फेऱ्या संपल्या होत्या, त्यामुळे ती जागा कुणालाच मिळाली नाही. पहिल्या कुटुंबाचा करार नोंदणीकृत आहे, आणि "आम्ही मार्चपर्यंत तिथेच राहत होतो" असं त्यांचं लेखी म्हणणं आहे. त्यावर मी लाइट बिलं आणि वॉचमनचा जवाब दिलाय. निर्णय बाकी आहे. डिपॉझिटमधून थकलेलं भाडं कापून उरलेली रक्कम मी त्यांच्या खात्यावर पाठवली, म्हणजे तो मुद्दा त्यांच्या हातात राहणार नाही. एजंटचा नंबर बंद आहे.

धंदा मात्र चालू आहे. गेल्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना कुणाचा तरी फोन आला: "काका, नुसता करार करायचा. राहायला कुणी येणार नाही, घर झिजणार नाही, भाडं मिळेल." काकांनी शांतपणे सांगितलं, शेजारच्या काकूंना याचा चांगला अनुभव आहे, त्यांच्याशी बोलून घ्या, आणि माझा नंबर दिला. मी वाट बघते आहे. अजून फोन आलेला नाही.