ठोके बिघडले तर: उष्णता, गोठण की विद्युतस्पंद?

एट्रियल फिब्रिलेशनसाठी, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतील अनियमित ठोक्यांसाठी, ॲब्लेशन (बिघाड करणाऱ्या ऊतीवर व्रण पाडण्याचा उपचार) सुचवले गेले की रुग्णापुढे सध्या तीन नावे येतात: रेडिओफ्रिक्वेन्सी, क्रायोबलून आणि पल्स्ड फील्ड. तिन्हींचे उद्दिष्ट एकच आहे. बोर्दो येथील मिशेल ऐसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ४५ रुग्ण तपासले, तेव्हा लय बिघडवणाऱ्या विद्युत ठिणग्यांपैकी ९४ टक्के फुप्फुसांकडून येणाऱ्या नीलांच्या आत सापडल्या. म्हणून जांघेतील शिरेतून कॅथेटर (बारीक नळी) डाव्या कर्णिकेत, म्हणजे हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात, नेऊन या नीलांच्या मुखांभोवती व्रणाचे कडे तयार केले जाते, म्हणजे ठिणगी आत पडली तरी बाहेर पोहोचत नाही.

रेडिओफ्रिक्वेन्सीत हे कडे एकेक ठिपका जोडत, उष्णतेने काढले जाते. काम कौशल्याचे आणि वेळखाऊ असते. मात्र कॅथेटर हवे तिथे नेता येत असल्याने फ्लटरसारखी (कर्णिकेच्या जलद ठोक्यांचा दुसरा प्रकार) जोडीची तक्रार असेल, किंवा पूर्वीच्या कड्यातील फट बुजवायची असेल, तेव्हा याच पद्धतीचा मोठा आधार असतो. क्रायोबलूनमध्ये सुमारे २८ मिलिमीटरचा फुगा नीलेच्या तोंडाशी बसवून नायट्रस ऑक्साइडने काही मिनिटे गोठवले जाते आणि कडे एका दमात पूर्ण होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'फायर अँड आइस' चाचणीत ७६२ रुग्णांमध्ये दोन्ही पद्धतींचे यश जवळपास सारखे निघाले. क्रायोमध्ये वेळ कमी लागला, पण श्वासपटलाच्या नसेला इजा २.७ टक्के रुग्णांत झाली. ती बहुधा काही महिन्यांत भरून येते. तरीही जिना चढताना दम लागणाऱ्यासाठी ते महिने सोपे नसतात.

पल्स्ड फील्डमध्ये उष्णता आणि थंडी यांऐवजी तीव्र विद्युतक्षेत्राचे अतिसूक्ष्म स्पंद हृदयस्नायूच्या पेशींची आवरणे भेदतात. हृदयस्नायू या क्षेत्राला लवकर बळी पडतो, शेजारची अन्ननलिका मात्र बरीच टिकून राहते, आणि हाच खरा फरक आहे, कारण उष्णतेच्या पद्धतीत अन्ननलिकेला भोक पडणे हा विरळ परंतु जीवघेणा धोका असतो. ॲब्लेशन झालेल्या रुग्णाला काही आठवड्यांनी ताप आला किंवा गिळताना दुखू लागले, तर अंगावर न काढता ॲब्लेशन केलेल्या डॉक्टरांना कळवावे. २०२३ च्या 'ॲडव्हेंट' चाचणीत पल्स्ड फील्डने एका वर्षात ७३.३ टक्के, तर उष्णता-थंडीच्या पद्धतींनी ७१.३ टक्के यश दिले. म्हणजे नव्या तंत्राची बाजू यशापेक्षा सुरक्षिततेत आणि वेगात आहे. तेही निर्धोक नाही: हृदयधमनी आकसणे आणि रक्तपेशी फुटून मूत्रपिंडावर ताण येणे, या गोष्टी अधूनमधून नोंदल्या गेल्या आहेत.

माझे मत असे की झटके येऊन जाणाऱ्या फिब्रिलेशनचे पहिलेच ॲब्लेशन असेल, तर यंत्रापेक्षा डॉक्टरांचा हात पाहावा; वर्षाला शेकडो रेडिओफ्रिक्वेन्सी करणारा डॉक्टर नुकतेच पल्स्ड फील्ड शिकलेल्यापेक्षा मला जवळचा वाटेल. दोन्ही बाबतींत अनुभव सारखा असेल, तर मी पल्स्ड फील्डकडे झुकेन. फिब्रिलेशन कायमचे जडलेले असेल, कर्णिका फार फुगलेली असेल किंवा झडपेचा जुना आजार असेल, तर तिन्हींचे यश घटते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांतून सुटका होईल म्हणून ॲब्लेशन करू पाहणारे बरेच असतात. त्या गोळ्या पुढे चालू ठेवायच्या की नाही, हे वय, रक्तदाब, मधुमेह आणि पूर्वीचा पक्षाघात यांवरून ठरते. तीनपैकी कोणते तंत्र निवडले, यावरून नाही.