प्लुरिबस की एलियन: अर्थ? आधी कोणती बघावी

२०२५ मध्ये विज्ञानकथेच्या दोन मोठ्या मालिका आल्या. ऑगस्टमध्ये नोआ हॉलीची 'एलियन: अर्थ' आणि नोव्हेंबरमध्ये विन्स गिलिगनची 'प्लुरिबस'. दोन्हींचे पहिले दोन भाग एकदमच दाखवले गेले, म्हणून तुलनाही त्या दोन भागांपुरतीच करतेय. पुढचं सगळं पाहिलंय, पण ते इथे फोडणार नाही. पहिल्या दोन भागांतलं मात्र काही सांगावंच लागेल.

एकाच मालिकेपुरता वेळ असेल तर माझं मत प्लुरिबसला. पण काही जणांनी एलियनच आधी बघावी असं मला खरंच वाटतं.

प्लुरिबसमध्ये खगोलशास्त्रज्ञांना ६०० प्रकाशवर्षांवरून एक रेडिओ संदेश मिळतो. चार सूर, पुन्हा पुन्हा तेच. हे चार सूर म्हणजे आरएनए या जनुकीय रेणूची चार अक्षरं, हे कुणाच्या तरी लक्षात येतं आणि माणसाला जे आवरत नाही तेच होतं: कृती हातात आली म्हटल्यावर ती करून बघायची. रेणू तयार होतो, उंदरांना टोचला जातो, एक उंदीर चावतो आणि संसर्ग पसरू लागतो. इथून पुढे कुठलाही दिग्दर्शक आरडाओरडा, भोंगे, पळापळ दाखवेल. इथे प्रयोगशाळेतली माणसं एका लयीत, न बोलता, काचेच्या बशांमध्ये स्वतःची लाळ पसरवत बसतात. कुणाचा हात अडखळत नाही, कुणी मान वर करून बघत नाही. एक जण खोक्यातला प्रत्येक डोनट चाटतो आणि जागच्या जागी परत ठेवतो. रक्ताचा थेंबही न दाखवता अंगावर काटा आणणारं असं दृश्य मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

६०० प्रकाशवर्षांचा आकडाही विचार करून घेतलाय. रेडिओ लहरी प्रकाशाच्याच वेगाने येतात, म्हणजे हा संदेश निघाला तेव्हा पृथ्वीवर दुर्बीणसुद्धा नव्हती. ज्यांनी पाठवला त्यांना इथे यायची गरजच नाही. यान नाही, हल्ला नाही, परग्रहवासी नाही. फक्त माहिती आली आणि बाकीचं काम आपण केलं. विज्ञानकथेत मला हेच हवं असतं: एक शक्यता उचलायची आणि तिचे परिणाम प्रामाणिकपणे शेवटपर्यंत नेऊन दाखवायचे.

परिणाम असा की जवळजवळ सगळी मानवजात एक मन होऊन जाते. सगळे आनंदी, सगळे प्रेमळ, कुणी खोटं बोलत नाही, कुणी मुद्दाम कुणाचा जीव घेत नाही. जगभरात मोजकी माणसं त्यातून सुटतात आणि त्यातली एक कॅरल स्टर्का, अमेरिकेतल्या अल्बुकर्कीत राहणारी लोकप्रिय लेखिका, जिला स्वतःचीच पुस्तकं मनातून पटत नाहीत. तिची जोडीदार हेलन त्या रात्री जाते. घरी आल्यावर कॅरल टीव्ही लावते, तर व्हाइट हाउसमधून सूट घातलेला एक माणूस बोलतोय आणि पडद्यावर खास तिच्यासाठी फोन नंबर. ती फोन करते. पलीकडचा माणूस इतक्या आपुलकीने बोलतो की आपल्याला क्षणभर वाटून जातं, यात वाईट नक्की काय आहे?

मालिकेचा जीव या प्रश्नात आहे. युद्ध संपलं, भांडण संपलं, भेदभाव संपला. मग कॅरल कशासाठी झगडतेय? दुसऱ्या भागात तिच्या रागाची किंमत कळते. ती संतापून ओरडते आणि त्या धक्क्याने जगभरची माणसं झटके येऊन कोसळतात, लाखो मरतात. शोक करायचा, चिडायचा तिचा हक्क हेच तिच्याकडचं सगळ्यात भयंकर शस्त्र ठरतं. कॅरल झालेली रे सीहॉर्न हे सगळं जवळपास एकटीच्या चेहऱ्यावर पेलते. गिलिगनच्याच आधीच्या 'बेटर कॉल सॉल' या मालिकेत तिने केलेली किम वेक्सलर ज्यांच्या लक्षात असेल त्यांना तिची ताकद सांगायला नको.

दोष आहेत. गती संथ आहे, आणि ती मुद्दाम आहे हे कळूनही काही ठिकाणी जड जाते. कॅरल अंगणात खड्डा खणत राहते, कॅमेरा हलत नाही. मला ते आवडलं, कारण दुःखात हात खरंच असे चालत राहतात. दिवसभराच्या कामानंतर जेवता जेवता बघणाऱ्याला ते झेपेलच असं नाही. आणि दुसऱ्या भागात कॅरल स्पेनमधल्या बिलबाओला जाऊन इतर वाचलेल्यांना भेटते, तिथे ती माणसं पुरेशी उभी राहत नाहीत. कुंबा दियाबाते सोडला तर बाकीचे फक्त वाद घालायला आणल्यासारखे वाटतात.

आता एलियन: अर्थ. हिची कल्पनाशक्ती कमी नाही, उलट जास्तच आहे. साल २१२०, म्हणजे १९७९ च्या 'एलियन' या मूळ चित्रपटातल्या घटनांच्या दोन वर्षं आधी. पृथ्वी पाच कंपन्यांनी वाटून घेतलीय. अमरत्वाच्या शर्यतीत तीन प्रकार: यंत्रं बसवलेली माणसं, पूर्ण कृत्रिम माणसं, आणि नवीनच तिसरा, कृत्रिम शरीरात उतरवलेलं माणसाचं मन. मोठ्यांची मनं त्यात टिकत नाहीत, म्हणून मरणाच्या दारातली मुलं निवडली जातात. मार्सी नावाची आजारी मुलगी अशी 'वेंडी' होते. तेवढ्यात परग्रहावरचे जीव घेऊन येणारं मॅजिनो हे यान शहरावर कोसळतं.

यानाच्या आतलं नेपथ्य मात्र मनापासून दाद द्यावी असं. १९७९ मध्ये भविष्यकाळ जसा कल्पिला होता तसाच ठेवलाय: पांढऱ्या गुबगुबीत भिंती, जाड काचेचे पडदे, त्यावर हिरवी अक्षरं. दुसऱ्या भागात यान कोसळलं तिथल्या उंच इमारतीत अठराव्या शतकातले पोशाख घालून श्रीमंतांची मेजवानी चाललेली असते. घर रिकामं करा म्हणून सांगायला आलेल्या जवानाला ते दाद देत नाहीत. मग यानातून सुटलेला प्राणी येतो. या एका प्रसंगात हॉलीला कंपन्यांच्या जगाबद्दल जे म्हणायचंय ते सगळं येऊन जातं.

पण बाकी ठिकाणी फार गर्दी झालीय. पाच कंपन्या, तीन प्रकारची माणसं, वेगवेगळे जीव, भाऊ-बहिणीची ताटातूट आणि वर 'पीटर पॅन' या मुलांच्या गोष्टीतली नावं. सुरुवातीलाच पडद्यावर मजकूर देऊन जग समजावावं लागतं. त्याहून मला खटकलं ते हे की सगळ्यात मौल्यवान अशी ही मुलं कोसळलेल्या यानात पाठवायला कंपनीचा मालक सहज तयार होतो. तो लहरी आहे असं दाखवलंय, पण कथेला गरज होती म्हणून तो तयार झाला हे लपत नाही. आणि मूळ मार्सी वेंडीत खरंच आली की तिची फक्त नक्कल झाली, हा सगळ्यात रसाळ प्रश्न पहिल्या दोन भागांत धावपळीत दबून जातो. वेंडी झालेली सिडनी चँडलर मात्र तो प्रश्न देहबोलीतून जिवंत ठेवते. मोठ्या बाईच्या अंगात लहान मुलीची बसायची, बघायची तऱ्हा तिने अचूक पकडलीय.

मग कुणी काय बघावं? चार जणांनी मिळून बघायचं असेल, भीती आणि थरार हवा असेल, मूळ चित्रपट आवडत असेल तर एलियन. रक्त भरपूर आहे, मुलांसोबत बघू नका, आणि प्राण्यांना झालेली इजा बघवत नसेल तर जपून. बरीच दृश्यं काळोखातली आहेत, उजेडाच्या खोलीत निम्मं दिसणार नाही. मूळ चित्रपट न बघताही कथा कळते, पण तो बघितलेला असेल तर मॅजिनोच्या आत शिरल्यावरची मजा वेगळीच.

एकट्याने बघायचं असेल, भाग संपल्यावर त्यावर विचार करत बसायला आवडत असेल तर प्लुरिबस. आधीचं काही बघितलेलं असायची गरज नाही. फोन हातात धरून मात्र बघू नका, महत्त्वाचं बरंच काही न बोलता घडतं.

कंटाळा आला तर कुठे थांबावं, हेही सांगते. बिलबाओचं जेवण संपेपर्यंत कॅरलबद्दल काहीच वाटलं नाही तर प्लुरिबस खुशाल सोडा, पुढेही ती अशीच चालते. एलियन सोडण्याआधी पाचवा भाग तेवढा बघा. तो यान कोसळण्याआधी मॅजिनोवरच घडतो आणि तिथे गर्दी नाही: बंद यान, मोजकी माणसं, सुटलेले जीव. एलियनचा पहिला हंगाम ८ भागांचा, प्लुरिबसचा ९. दोन्हींचे दुसरे हंगाम ठरलेत, त्यामुळे कुठलीही निवडलीत तरी गोष्ट इतक्यात पुरी होणार नाही.