यकृतातलं सिस्ट: आधी सोनोग्राफी की थेट सीटी?

देवगडच्या एका काकूंचा रिपोर्ट हातात आला: 'यकृतात ४ सेंमी सिस्ट.' घरचे लगेच सीटीसाठी घाट चढून कोल्हापूरला निघाले होते. मी म्हटलं, जरा थांबा.

पाण्याने भरलेली गाठ ओळखायला सोनोग्राफीचा हात कुणी धरू शकत नाही. साधं सिस्ट पडद्यावर काळंकुळकुळीत दिसतं, कडा पातळ आणि गुळगुळीत, मागचा भाग उजळ. आतले पडदे, हायडॅटिडमधली (फीतकृमीमुळे होणाऱ्या सिस्टमधली) पिल्लं म्हणजे आतली छोटी सिस्टं, सुटून तरंगणारा पापुद्रा हे सगळं सीटीपेक्षा इथेच स्पष्ट दिसतं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेचं हायडॅटिडचं सीई१ ते सीई५ वर्गीकरण सोनोग्राफीवरच बेतलेलं आहे. किरणोत्सर्ग नाही, खर्चही कमी. उणीव एवढीच की तपासणाऱ्याचा हात मुरलेला हवा, आणि जाड पोटात किंवा आतड्यातल्या वायूमागे काही भाग निसटतो.

सीटी लागतो, पण कारण असेल तेव्हा. भिंत जाड आहे, आत घट्ट भाग दिसतोय, ताप येऊन पू झाल्याची शंका आहे किंवा शस्त्रक्रिया ठरली आहे, तर रक्तवाहिन्यांशी नातं आणि भिंतीतलं कॅल्शियम सीटीतच नीट कळतं. कॉन्ट्रास्टआधी (सीटीसाठी शिरेतून देतात ते औषध) क्रिएटिनीन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, मात्र बघून घ्या. पित्तनलिकेशी जोड असल्याचा संशय असेल तर एमआरआय बरा.

काकूंचं सिस्ट साधंच होतं, त्रासही काही नव्हता. पुन्हा सोनोग्राफी करून खात्री केली आणि त्या सीटीविनाच घरी गेल्या.